अंतराची हुंडणावळ

झाँ-बातिस्त ताव्हेर्निये हा फ्रेंच जवाहिऱ्या सतराव्या शतकाच्या मध्यास हिंदुस्थानात वारंवार आला. त्याच्या प्रवासवर्णनातले मयूरासन सर्वांना ठाऊक असते. पण त्याच पुस्तकात एक रुक्ष यादी आहे, ती मात्र सहसा कोणी थांबून वाचत नाही. सुरतेवर काढलेल्या हुंडीला कोणत्या शहरात शेकडा किती हुंडणावळ पडते, याची ती यादी. अहमदाबादेत एक ते दीड, बऱ्हाणपुरात अडीच ते तीन, आग्र्यात सव्वाचार ते पाच, लाहोरात सव्वासहापर्यंत आणि ढाक्यात थेट दहा. हे दर चढे का, याचे उत्तरही तो देतो: माल वाटेत लुटला गेला, तर पैसे देणाऱ्याचे पैसे बुडतात, आणि ती जोखीम दरात धरलेली असते. आपण हे आकडे नकाशावर ठेवून पाहिले, तर अंतराला रोकडा भाव होता हे दिसते. आपली पेढी एका गावी आणि व्यवहार दुसऱ्या गावी, असा धंदा सुरतेत शतकानुशतके चालत आला. हा भाव कधी कोणाच्या खात्यावर पडला, हे पाहत गेलो की त्या धंद्याचा खरा इतिहास हाती लागतो.

त्या काळच्या सुरतेत हा भाव पेलणारा सर्वांत मोठा माणूस म्हणजे वीरजी व्होरा. इंग्रजांच्या कागदपत्रांत त्याचे नाव १६१९ पासून दिसू लागते. आग्रा, बऱ्हाणपूर, गोवळकोंडा, मलबार किनारा अशा ठिकाणी त्याचे गुमास्ते बसलेले असत, आणि शेठ स्वतः सुरतेत. मिरीचा आलेला सगळा साठा एकट्याने उचलून पुढचा भाव आपण ठरवायचा, ही त्याची रीत. ज्या इंग्रजांना ती जाचत असे, तेच गरज पडली की त्याच्याकडे कर्जाला जात. न पाहिलेल्या माणसाशी व्यवहार करण्याची सोय हुंडीने आधीच करून ठेवली होती. दर्शनी हुंडी दाखवताच पटायची, मुदती ठरल्या दिवशी. शहाजोग हुंडीचे पैसे बाजारात पत असलेल्या माणसाच्याच हाती द्यायचे. हुंडी वाटेत गहाळ झाली तर पेठ लिहून मिळे, पेठही हरवली तर परपेठ. जोखमी हुंडी तर मालाच्या नशिबाशी बांधलेली असे. माल सुखरूप पोहोचला तरच पैसे. जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराजांच्या फौजेने सुरत लुटली, तेव्हा वीरजीचा वाडाही सुटला नाही. तरीही पुढची काही वर्षे इंग्रजांच्या वखारीच्या पत्रांत त्याचे नाव येत राहते. माझ्या मते त्याचे कारण सरळ आहे: वाड्यातले धन गेले, पण त्याची पत गावोगावच्या पेढ्यांत पसरलेली होती.

गुमास्त्यांच्या या जाळ्याशेजारीच एक परदेशी प्रयोग चालू होता. ३१ डिसेंबर १६०० रोजी लंडनमध्ये सनद मिळालेल्या ईस्ट इंडिया कंपनीचे ‘हेक्टर’ जहाज १६०८ मध्ये सुरतेला लागले आणि १६१२-१३ पासून तिथे वखार उभी राहिली. लंडनचे संचालक हुकूम लिहीत. एखादे जहाज बुडाले तरी हुकूम पोहोचावा म्हणून पत्राच्या प्रती वेगवेगळ्या जहाजांनी निघत. आणि प्रश्नाचे उत्तर हाती येईपर्यंत दीड-दोन वर्षे सहज जात. एवढ्या अंतरावरच्या नोकरावर नजर ठेवणे अशक्य होते, म्हणून कंपनीने एक चतुर, पण महागात पडलेली तोड काढली: पगार तुटपुंजा ठेवायचा आणि खासगी व्यापाराकडे कमीअधिक डोळेझाक करायची. अंतराचा भाव अशा रीतीने नोकराच्या पगारातून कापला गेला आणि नोकराने तो कंपनीच्याच नफ्यातून वसूल केला.

याच वखारीच्या पदरात २७ मार्च १६६८ च्या सनदेने मुंबई बेट पडले, वर्षाला दहा पौंड भाड्याने. आज उलटे वाटेल, पण तेव्हा मुंबईचा कारभार सुरतेहून हाकला जाई. जेराल्ड ऑन्जियरने मुंबईचा पाया घातला असे आपण शाळेत वाचतो. तो मूळचा सुरतेच्या वखारीचा अध्यक्ष, आणि १६७७ मध्ये त्याचा मृत्यूही सुरतेतच झाला. तो काही वर्षे मुंबईत येऊन राहिला, तोवर गाडे बरे चालले. पुढे लंडनने खर्चात काटछाट करण्याचा हुकूम सोडला, सुरतेहून अध्यक्ष जॉन चाइल्डने तो अमलात आणला आणि त्याची झळ पोहोचली मुंबईच्या शिपायांना. २७ डिसेंबर १६८३ रोजी कॅप्टन रिचर्ड केग्विनने कंपनीच्या उपगव्हर्नरला कैद केले आणि राजाच्या नावाने बेट ताब्यात घेतले. चाइल्ड वाटाघाटी करून थकला. जवळजवळ वर्षभर मुंबई कंपनीच्या हाती नव्हती. नोव्हेंबर १६८४ मध्ये माफीच्या अटीवर केग्विनने ती सोडली. दुरून कारभार करताना काटकसरीचा हुकूम काढणारा आणि तो सोसणारा यांची कधी गाठच पडत नाही, याचे यापेक्षा ठसठशीत उदाहरण आपल्या किनाऱ्यावर तरी मला आढळले नाही. १६८७ मध्ये कंपनीने आपले मुख्य ठाणे सुरतेहून मुंबईला हलवले, त्यामागे मोगली अधिकाऱ्यांचा जाच होता तसा हा अनुभवही असणार.

पुढची दोन शतके आपण भरभर ओलांडू. सुरत उतरली, मुंबई चढली, १८७० मध्ये समुद्री तारेने मुंबई लंडनशी जोडली गेली. १८८१ च्या चलनक्षम दस्तऐवज कायद्याने देशी भाषांतल्या हुंड्यांच्या स्थानिक रूढींना हात लावला नाही. वीरजीच्या काळची रीत अशी नव्या कायद्यातही टिकली. पण माझ्या लेखी त्याहून मोठे वळण १८७७ चे, आणि ते जवळजवळ विसरले गेले आहे. त्या वर्षी टपालखात्याने व्ही.पी. सुरू केली: पार्सल आधी, पैसे पोस्टमनच्या हाती, मग ते विक्रेत्याला पोचते. खेड्यातल्या अनोळखी गिऱ्हाइकाला आता कोणाची पत लागेनाशी झाली. गिऱ्हाइकाने पार्सल नाकारले, तर टपालखर्चाचा भुर्दंड मात्र विक्रेत्यावर.

विसाव्या शतकात सुरत पुन्हा उभी राहिली ती हिऱ्यांवर आणि कृत्रिम रेशमावर. कच्चा हिरा अँटवर्पहून यायचा, घंटीच्या चाकावर त्याला पैलू सुरतेत पडायचे, विक्री मुंबईत व्हायची. आणि या फेऱ्यात माल जांगडावर, म्हणजे विक्री न होता केवळ विश्वासाच्या चिठ्ठीवर, हातोहात फिरायचा. मुंबई-सुरत ने-आण आंगडिया करायचा, रात्रीच्या गाडीने. मागांवर तापीच्या वरच्या अंगाचे खानदेशी हात आले. लिंबायत, उधना भागांत आजही मराठी कानावर पडते. १७ डिसेंबर २०२३ रोजी खजोदला साडेचार हजारांवर कचेऱ्यांचा सुरत डायमंड बोर्स थाटात उघडला, तरी उद्घाटनानंतर बऱ्याच कचेऱ्या रिकाम्याच राहिल्या. व्यापारी मुंबई सोडायला राजी होईनात.

साड्यांनी मात्र अंतर अधिक सहज पार केले. पूर्वी रिंग रोडच्या बाजारातून गावोगावच्या अडत्याकडे नमुने जात. आता डोंबिवलीतली किंवा नाशिकातली गृहिणी सुरतेच्या व्यापाऱ्याने पाठवलेले फोटो आपल्या व्हॉट्सअॅप गटावर टाकते, भावात आपला वाटा मिळवते, आणि माल सुरतेहून थेट गिऱ्हाइकाच्या दारी जातो. तिने साडी हाताळलेली नसते, दुकान नसते, साठा नसतो. घरपोच पैसे देण्याची सोय ही व्ही.पी.चीच नात, आणि आजीचा दोषही तिने घेतला आहे: परत आलेल्या पार्सलांच्या दुहेरी भाड्याने सुरतेचा व्यापारी आजही कावतो.

हीच बाई दुसऱ्याचा माल दाखवणे सोडून स्वतः ऑनलाइन मंचावर विक्रेती झाली, तर तिची गाठ जीएसटीशी पडते. १ ऑक्टोबर २०२३ पासून छोट्या विक्रेत्याला नोंदणीशिवाय ऑनलाइन मंचावर माल विकता येतो, पण केवळ आपल्या राज्यात. नवापूरच्या रेल्वे स्थानकाचा अर्धा भाग महाराष्ट्रात आहे, अर्धा गुजरातेत. तिथल्या महाराष्ट्राच्या बाजूच्या घरातून अशी विक्रेती राज्याच्या दुसऱ्या टोकाला गडचिरोलीपर्यंत पार्सल धाडू शकते. शे-सव्वाशे किलोमीटरवरच्या सुरतेला धाडायचे, तर आधी नोंदणी करावी लागते.