सपाट पाणी

अमेरिकेच्या नकाशावर जवळजवळ मध्यभागी नेब्रास्का नावाचे राज्य आहे. क्षेत्रफळ सुमारे दोन लाख चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या दोन-तृतीयांश. लोकसंख्या मात्र २०२० च्या जनगणनेनुसार वीस लाखांच्या आत, एकट्या नागपूर शहरापेक्षाही कमी. ओमाहा आणि लिंकन ही दोन शहरे वगळली तर मक्याची शेते, गुरांची कुरणे आणि रेल्वेच्या रुळांकडेला वसलेली लहान गावे एवढेच उरते. अशा राज्यात पाहण्यासारखे काय, असे अमेरिकी माणूसही विचारतो. मी भाषांतर करते, म्हणून मला या राज्याचा इतिहास भाषांचा इतिहास म्हणून वाचावासा वाटतो.

सुरुवात नावापासूनच होते. राज्यातून पश्चिमेकडून पूर्वेकडे एक रुंद, उथळ नदी वाहते. तिच्या काठच्या ओटो लोकांच्या भाषेत तिचे नाव होते 'नी ब्रास्गे', म्हणजे सपाट पाणी. अठराव्या शतकात फ्रेंच व्यापारी तिथे पोचले आणि त्यांनी तिला 'प्लॅट' म्हटले. त्याचाही अर्थ सपाट. पुढे इंग्रजी बोलणाऱ्यांनी नदीचे फ्रेंच नाव ठेवले आणि राज्याला ओटो नाव दिले. म्हणजे एकच शब्द नकाशावर दोनदा आहे, मूळ आणि भाषांतर असे दोन्ही रूपांत. त्या मुलखात आज प्लॅट नदी आहे, नेब्रास्का राज्य आहे, पण ओटो लोक नाहीत. त्यांची उरलीसुरली वस्ती १८८१ मध्ये दक्षिणेकडे, आजच्या ओक्लाहोमात, हलवण्यात आली.

हे एकट्या ओटोंच्या वाट्याला आले नाही. उत्तर सीमेवर नायोब्रारा नदीकाठी राहणाऱ्या पोन्का लोकांची जमीन सरकारने १८६८ च्या एका तहात चुकून सू लोकांना देऊन टाकली. चूक दुरुस्त करण्याऐवजी १८७७ मध्ये पोन्कांनाच उचलून दक्षिणेला नेले. उपासमार आणि हिवताप यांनी माणसे मरू लागली. स्टँडिंग बेअर या प्रमुखाचा मुलगाही गेला. मुलाला आपल्याच मातीत पुरायचे, म्हणून १८७९ च्या जानेवारीत सुमारे तीस माणसांसह तो थंडीवाऱ्यात उत्तरेकडे निघाला आणि वाटेत पकडला गेला. त्याच्या वतीने ओमाहाच्या न्यायालयात अर्ज दाखल झाला. सरकारी वकिलाचा युक्तिवाद असा की, कायद्याच्या भाषेत इंडियन माणूस 'व्यक्ती' नाहीच, त्यामुळे त्याला असा अर्ज करता येत नाही. न्यायाधीश एल्मर डंडी यांनी मे महिन्यात निकाल दिला की तो व्यक्ती आहे. त्यानंतर स्टँडिंग बेअर पूर्वेकडच्या शहरांत हिंडून भाषणे करू लागला. त्याची भाषा शिकागो-बॉस्टनच्या श्रोत्यांपर्यंत नेली ती सुझेट ला फ्लेश या ओमाहा जमातीच्या तरुणीने. दुभाषीपण म्हणजे नुसती शब्दांची देवघेव नव्हे, याचे याहून ठळक उदाहरण मला माहीत नाही. जो माणूस आहे की नाही यावर न्यायालयात वाद झाला होता, त्याचे बोलणे ती माणसांच्या सभेत पोचवत होती.

मोकळ्या केलेल्या जमिनीवर दुसरी माणसे आली. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने नाममात्र शुल्कात १६० एकर जमीन मिळे. अट एवढीच की पाच वर्षे तिथे राहायचे आणि ती कसायची. रेल्वे कंपन्यांकडेही विकायला जमीन होती. त्यांनी युरोपात जाहिराती केल्या आणि जर्मन, चेक, स्वीडिश, डॅनिश शेतकरी कुटुंबे उतरू लागली. नकाशावर प्राग आले, गॉथेनबर्ग आले. डॅनिश झेंड्याच्या नावाचे डॅनेब्रॉगही आले. ओमाहातून १८९१ पासून 'होस्पोदार्श', म्हणजे 'शेतकरी', हे चेक नियतकालिक निघू लागले.

या गावांची ओळख जगाला झाली ती विला कॅथरमुळे. १८८३ मध्ये, नऊ वर्षांची असताना, ती व्हर्जिनियाहून इथे आली आणि रेड क्लाउड या गावात वाढली. हे गावही एका लकोटा प्रमुखाच्या नावाचे. आज तिथे हजाराच्या आसपास वस्ती आहे. 'माय अँटोनिया' (१९१८) या कादंबरीतली चेक मुलगी तिने याच परिसरात पाहिलेल्या माणसांवरून उभी केली. तिच्या पुस्तकांत शेजारी एकमेकांशी मोडक्या इंग्रजीत बोलतात आणि घरी आपापल्या भाषेत रडतात-हसतात. १९१३ मध्ये राज्याने कायदाच केला होता की पन्नास विद्यार्थ्यांच्या पालकांनी मागणी केली तर शाळेने ती परकी भाषा शिकवावी.

चारच वर्षांत वारे फिरले. १९१७ मध्ये अमेरिका महायुद्धात उतरली आणि जर्मन बोलणारा प्रत्येक शेतकरी संशयित ठरला. १९१३ चा कायदा १९१८ मध्ये रद्द झाला. जर्मनटाउन नावाच्या गावाने नाव बदलून गार्लंड केले. गार्लंड हा युद्धात मेलेला तिथलाच एक सैनिक. बर्लिन नावाचेही एक गाव होते. त्याने नवे नाव घेतले ओटो. ज्यांना सदतीस वर्षांपूर्वी घालवून दिले, त्यांचे नाव आता पुरेसे देशी वाटले. माणसे गेल्यावर त्यांचे शब्द निरुपद्रवी होतात. शत्रूची भाषा नको होती, आणि ओटो भाषेत तिथे कुणी बोलणार नव्हते.

१९१९ मध्ये सायमन कायदा आला. आठवी पार होईपर्यंत मुलाला इंग्रजीखेरीज दुसरी भाषा शिकवायची नाही, आणि कुठलाही विषय इंग्रजीशिवाय शिकवायचा नाही. हा नियम सरकारी शाळांइतकाच खाजगी आणि चर्चच्या शाळांनाही होता. शिक्षा पंचवीस ते शंभर डॉलर दंड किंवा महिनाभरापर्यंत कैद. हॅम्प्टन या खेड्याजवळच्या ल्यूथरन शाळेत रॉबर्ट मायर नावाचे शिक्षक दुपारच्या सुट्टीत जर्मन शिकवत. १९२० च्या मे महिन्यात बायबलमधल्या कथांच्या जर्मन पुस्तकातून एका दहा वर्षांच्या मुलाला वाचायला शिकवले म्हणून त्यांच्यावर खटला झाला. पंचवीस डॉलर दंड झाला. त्यांनी तो भरला नाही, अपील केले.

राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने दंड कायम ठेवला. मात्र एक सवलत दिली: लॅटिन, ग्रीक, हिब्रू अशा प्राचीन, 'मृत' भाषांना ही बंदी लागू नाही. मेलेली भाषा शिकवा, जिवंत नको. कारण उघड आहे. मेलेल्या भाषेत आजी गोष्ट सांगत नाही.

प्रकरण वॉशिंग्टनला गेले. जून १९२३ मध्ये सात विरुद्ध दोन मतांनी सायमन कायदा घटनाबाह्य ठरला. निकाल लिहिला न्यायमूर्ती मॅकरेनॉल्ड्स यांनी. मुले पालकांपासून तोडून राज्याने वाढवावीत ही प्लेटोची आणि स्पार्टाची कल्पना अमेरिकी घटनेत बसत नाही, असे त्यांनी म्हटले. शिक्षकाला शिकवण्याचा आणि आईबापांना आपल्या मुलाचे शिक्षण ठरवण्याचा हक्क आहे. ज्यांची जन्मभाषा इंग्रजी नाही त्यांनाही घटनेचे संरक्षण आहे. हेच मॅकरेनॉल्ड्स ज्यू सहकारी न्यायमूर्तींशी धड बोलतसुद्धा नसत. चांगला निकाल चांगल्याच माणसाच्या हातून यावा असा नियम नाही. त्याच वर्षी 'द नेशन'मधल्या नेब्रास्कावरच्या लेखात कॅथरनेही या कायद्याच्या मुळाशी असलेल्या समजुतीवर टीका केली. एका भाषेचा मुलगा दोन भाषांच्या मुलापेक्षा चांगला नागरिक होतो, ही ती समजूत.

इथे गोष्ट संपली असती तर ती सुखान्त ठरली असती. पण हॅम्प्टनपासून सत्तर किलोमीटरांच्या आत जिनोआ नावाचे गाव आहे. पॉनी लोकांच्या जुन्या जमिनीवर तिथे १८८४ मध्ये केंद्र सरकारने इंडियन मुलांसाठी निवासी शाळा काढली. दूरदूरच्या अनेक जमातींची मुले आणली गेली. केस कापले, नावे बदलली, घरची भाषा बोलायला बंदी केली. अनेक मुले तिथेच मेली. त्यांची दफनभूमी नेमकी कुठे होती याचा शोध अलीकडेपर्यंत चालू होता. मायर खटल्याचा निकाल लागला त्या दिवशी ही शाळा सुरू होती, आणि पुढे १९३४ पर्यंत सुरूच राहिली. आईबापांच्या हक्कावरचे ते शब्द सत्तर किलोमीटर प्रवास करू शकले नाहीत. जर्मन पालकांकडे चर्च होते, वकील होते, मतदानाचा हक्क होता. जिनोआच्या मुलांच्या आईबापांपैकी अनेकांना नागरिकत्वसुद्धा १९२४ मध्ये मिळाले.

मायर खटला आज अमेरिकेत पालकांच्या हक्कांचा पाया म्हणून शिकवला जातो, आणि ते योग्यच आहे. पण मला तो नेहमी जिनोआच्या शेजारी ठेवून वाचावासा वाटतो. भाषेचे स्वातंत्र्य तत्त्व म्हणून मिळाले तरी ते कुणाच्या दारात पोचते हे सत्तेवर ठरते. आपल्याकडेही १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळावे असे कलम, ३५०-अ, आणले. आदिवासी पाड्यावरच्या शाळेत ते कितपत पोचले, हा प्रश्न त्याच जातीचा आहे.

नेब्रास्कात आता भाषा पुन्हा वाढत आहेत. लेक्सिंग्टन या गावात १९९० मध्ये गोमांसाचा मोठा कारखाना आला आणि त्याच्या मागोमाग स्पॅनिश, मग सोमाली बोलणारी कुटुंबे आली. विल्बर या गावात दर ऑगस्टमध्ये चेक उत्सव भरतो. मेसी इथल्या ओमाहा जमातीच्या शाळेत ओमाहा भाषा शिकवली जाते. ओटो भाषेत लहानपणापासून बोलणारी पिढी मात्र विसाव्या शतकाबरोबर संपली. ओक्लाहोमात तिचे वारसदार जुन्या नोंदी आणि ध्वनिमुद्रणांवरून ती पुन्हा शिकत आहेत. ओटो नावाच्या गावात आज दोनशेच्या आसपास माणसे राहतात. ती इंग्रजी बोलतात.