टिपणीची बाजू

सरकारी नस्ती उघडली की तिच्या दोन बाजू दिसतात. एका अंगाला पत्रव्यवहार: आलेले अर्ज, अहवाल, गेलेल्या आदेशांच्या स्थळप्रती. दुसऱ्या अंगाला टिपणी. लोकांच्या हातात पडतो तो पत्रव्यवहारातला शेवटचा कागद, म्हणजे निर्णय. तो निर्णय कुणी सुचवला, कुणी अडवला, कुठल्या टेबलावर किती दिवस बसला, हे सगळं टिपणीत. नगर जिल्ह्यातल्या तहसील कचेऱ्यांत मी लिपिक म्हणून लागलो, पुढे अव्वल कारकून झालो आणि नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झालो. एवढ्या नोकरीत शिकलो काय, तर टिपणी लिहायला आणि दुसऱ्याची वाचायला. माहिती अधिकाराचा इतिहास लोक आंदोलनांवरून सांगतात. मला तो टिपणीवरून दिसतो.

आम्ही नोकरीला लागलो तेव्हा वरिष्ठ पहिली गोष्ट शिकवत ती ही, की पक्षकाराला टिपणी दाखवायची नाही. पत्राची नक्कल द्यायची तर नक्कल फी भरून घ्यायची, रीतसर द्यायची. टिपणीला मात्र हात लावू द्यायचा नाही. का, असं विचारायची सोय नव्हती. वर्तणूक नियम 1979 चे होते आणि त्यामागे उभा होता 1923 चा सरकारी गुपितांचा कायदा. आता हा कायदा हेरांसाठी. आमच्या कचेरीत कसले आले हेर! रॉकेलचा कोटा, टंचाईचे आराखडे, अतिक्रमणाची प्रकरणं, यात शत्रूला सांगण्यासारखं काय होतं? पण वचक होता खरा.

हा वचक कुठून आला ते मला बऱ्याच उशिरा वाचनातून कळलं. मूळ कायदा 1889 चा, लष्करी आणि आरमारी गुपितांपुरता. लॉर्ड कर्झनच्या राजवटीत 1903 साली त्यात दुरुस्तीचं विधेयक आलं आणि मुलकी कारभाराचे कागदही त्याच पंगतीला बसवायचं ठरलं. त्याला कलकत्त्याच्या मध्यवर्ती कायदेमंडळात ज्यांनी जोरदार विरोध केला त्यात गोपाळ कृष्ण गोखले होते. त्यांचं म्हणणं साधं होतं: किल्ल्याचा नकाशा आणि मामलेदाराच्या कचेरीतला कागद यांना एकच माप लावू नका, वर्तमानपत्रांचं तोंड बंद होईल. विधेयकात थोडेफार बदल झाले आणि 1904 मध्ये ते मंजूर झालं. 1923 मध्ये सगळं नव्याने बांधून पक्कं केलं. इंग्रज गेले, कायदा राहिला. गोखल्यांच्या मुद्द्याला कायद्यातून उत्तर मिळालं ते 2005 साली. माहितीच्या अधिकार अधिनियमाचं कलम 22 सांगतं की गुपितांच्या कायद्यात काहीही म्हटलेलं असलं तरी हा कायदा वरचढ. मध्ये गेली शंभरावर वर्षं.

मधल्या काळात न्यायालयाने दार किलकिलं केलं होतं. 1975 मध्ये राज नारायण यांच्या खटल्यात पंतप्रधानांच्या दौऱ्याच्या सुरक्षेच्या सूचनांचं पुस्तक मागितलं गेलं, तेव्हा न्यायमूर्ती मॅथ्यू यांनी लिहिलं की सरकारी नोकरांनी सार्वजनिक रीतीने केलेलं प्रत्येक काम जाणून घेण्याचा लोकांना हक्क आहे. पण तो निकाल तालुक्यापर्यंत पोचायला कुणाला तरी हजेरीपट मागावा लागला. तो मागितला राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने. रोजगाराच्या कामावरच्या मजुरांनी 1994 च्या डिसेंबरात कोटकिराणा गावात जनसुनवाई भरवली आणि हजेरीपट मोठ्याने वाचला. नावं वाचली की कोण मेलेला, कोण कामावर आलाच नव्हता, हे लोकच सांगत. आमच्या रोजगार हमी योजनेच्या हजेरीपटांची मला चांगली ओळख आहे. ते वाचून दाखवणं म्हणजे काय, हे बाहेरच्याला कळायचं नाही.

कायदे मात्र आधी राज्यांनी केले. 1997 मध्ये तमिळनाडू आणि गोवा. महाराष्ट्राने 2000 साली एक कायदा केला, त्यात अपवादच इतके की आमच्या कचेरीत त्याची साधी चर्चाही झाली नाही. मग अण्णा हजाऱ्यांचा पाठपुरावा, 2002 च्या सप्टेंबरात अध्यादेश, नंतर नवा कायदा, आणि तो राष्ट्रपतींच्या मोहोरेसाठी अडकला म्हणून ऑगस्ट 2003 मध्ये आझाद मैदानावर उपोषण. उपोषण चालू असतानाच मोहोर उमटली. हा कायदा दणकट होता. उशीर केला तर दिवसाला 250 रुपये दंड, तोही अधिकाऱ्याच्या पगारातून. हा आकडा पुढे केंद्राच्या कायद्यातही आला, वर 25 हजारांची कमाल मर्यादा लागली. राळेगण सिद्धी आमच्याच जिल्ह्यातलं, त्यामुळे अण्णा बसले की आमच्या कचेरीत दोन तट पडत. अर्धे म्हणत, बरं झालं. उरलेले म्हणत, आता कामं सोडून झेरॉक्सच काढत बसा.

खरी लढाई 2005 नंतरची, आणि ती निव्वळ टिपणीवरची. केंद्राचा कायदा 12 ऑक्टोबर 2005 ला लागू झाला. त्यातल्या माहितीच्या व्याख्येत अभिलेख, अभिप्राय, सल्ले हे शब्द स्वच्छ आहेत. तरी केंद्राच्या कार्मिक विभागाने आपल्या संकेतस्थळावर लिहून टाकलं की नस्तीवरच्या टिपण्या माहितीत येत नाहीत. केंद्रीय माहिती आयोगाने 2006 च्या जानेवारीत उलट निर्णय दिला. तेव्हा सरकारने सरळ कायदाच बदलायचं ठरवलं. जुलै 2006 मध्ये मंत्रिमंडळाने दुरुस्तीला मान्यता दिली. कायदा लागू होऊन वर्षही झालं नव्हतं. ऑगस्टमध्ये अण्णा आळंदीला उपोषणाला बसले, दिल्लीत आणि इतरत्र धरणी झाली, आणि ती दुरुस्ती संसदेत आलीच नाही.

दुरुस्ती हवी म्हणणाऱ्यांचा युक्तिवाद असा होता की टिपणी उघडी पडली तर अधिकारी मोकळेपणाने लिहिणार नाहीत. मी तेव्हा अव्वल कारकून होतो. मला हसू आलं, कारण मोकळेपणाने लिहितो तो खालचा. मंडळ अधिकारी, लिपिक, नायब. ते संदर्भ देतात, पताका लावतात, नियम लिहितात, शेवटी ‘आदेशार्थ सादर’ म्हणून सही करतात. वरचा लिहितो ‘चर्चा करावी’. हा दोन शब्दांचा शेरा फार जुना आहे. त्याचा अर्थ असा, की तू लिहिलंस ते मला मान्य नाही, पण मी ते कागदावर सांगणार नाही, आत ये.

एक प्रकरण सांगतो. तालुका सांगत नाही. 2013 चा उन्हाळा, दुष्काळ कडक. तेव्हा मी जनमाहिती अधिकारी होतो. एका गावाचा टँकरचा प्रस्ताव पंचायत समितीकडून आमच्याकडे आला होता आणि ‘निकषात बसत नाही’ म्हणून परत गेला होता. त्या गावातले एक वयस्कर शेतकरी अर्ज घेऊन आले. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प चिकटवलेला, मजकूर दीडशे शब्दांच्या आत, विषय एकच, कारण 2012 पासून राज्याच्या नियमांनी तेवढंच चालतं. कागद नकोत, म्हणाले, नस्ती बघायचीय. पहिला तास फुकट. त्या नियमांत आणखी एक गंमत आहे: नस्ती बघणाऱ्याने फक्त पेन्सिल जवळ ठेवायची, पेन आमच्याकडे जमा करायचं. बाबांच्या खिशातलं पेन घेतलं, पेन्सिल मीच दिली.

त्यांनी पत्रव्यवहार उलटलाच नाही. थेट टिपणी उघडली. बोट ठेवून, ओठ हलवत, ओळ न ओळ वाचली. संयुक्त पाहणीचा अहवाल: विहिरी आटल्या, टँकर आवश्यक. लिपिकाची टीप: निकषात बसते, मंजुरीस हरकत नाही. नायबाची सही. त्याखाली तिरक्या अक्षरात, ‘चर्चा करावी’. मग चार दिवसांनंतरची टीप, अक्षर त्याच लिपिकाचं: ‘झालेल्या चर्चेनुसार, सदर गाव निकषात बसत नसल्याने प्रस्ताव परत करण्यास हरकत नाही.’ बाबांनी पेन्सिल खाली ठेवली आणि मला विचारलं, ‘‘रावसाहेब, या चार दिवसांत आमच्या विहिरीला पाणी लागलं का?’’

मी काय बोलणार? म्हणालो, ‘‘बाबा, कागदावर आहे तेवढंच मला देता येतं.’’

‘‘मग ही दोन पानं द्या,’’ म्हणाले. पानाला दोन रुपयांप्रमाणे चार रुपये भरले, पावती घडी करून टोपीत ठेवली, पेन परत मागून घेतलं. ती पानं ग्रामसभेत वाचली गेली असं ऐकलं. थोड्याच दिवसांत गावात टँकर सुरू झाला. नव्या टिपणीत कारण होतं: ‘फेरपाहणीअंती’.

चर्चेत कोण काय बोललं ते बाबांना शेवटपर्यंत मिळालं नाही, आणि आजही कुणाला मिळणार नाही. कायदा लिहिलेलं देतो. न लिहिलेलं तयार करून देण्याचं बंधन त्यात नाही. वीस वर्षांतल्या सगळ्या सुधारणांत दंड किती, फी किती, शब्द किती, माहिती आयुक्तांची मुदत किती, यावर खल झाला. लिहिलंच पाहिजे यावर मात्र फारसा नाही. एकदा झाला, तो 31 ऑक्टोबर 2013 ला, सर्वोच्च न्यायालयात. माजी मंत्रिमंडळ सचिव टी. एस. आर. सुब्रमणियन आणि इतर निवृत्त सनदी अधिकाऱ्यांच्या याचिकेवर न्यायालयाने सांगितलं की तोंडी सूचनांवर अधिकाऱ्यांनी काम करू नये, त्या नोंदवून ठेवाव्यात. नोंद नसेल तर माहितीचा अधिकार निरर्थक ठरतो. अखिल भारतीय सेवांच्या 1968 च्या नियमांत हे आधीपासून होतं, की तोंडी आदेशाची लेखी पुष्टी घ्यावी. तालुक्यात हा निकाल आला परिपत्रकासारखा. आला आणि फायलीला लागला. साहेबाला ‘आपले तोंडी आदेश लेखी मिळावेत’ असं टिपणीत लिहिणारा लिपिक मी एकच पाहिला. पुढे त्याची बदली झाली. बदली नियमात बसणारी होती, म्हणून काही म्हणत नाही.

टिपण्या बदलल्या हे मात्र खरं. ‘नियमानुसार कार्यवाही करावी’ हे वाक्य वाढलं. त्यात काहीच म्हटलेलं नसतं, ज्याने वाचावं त्याने नियम शोधावा. उलट खालची मुलं जास्त काळजीने लिहायला लागली. नव्या लिपिकाला मी सांगत असे, तुझं मत साहेबाला पटो न पटो, तारखेसह लिही. पुढे कुणी नस्ती मागितली तर तुझ्या बाजूने बोलणारं तेवढंच असेल. दप्तर दिरंगाईचा कायदाही माहितीच्या कायद्याच्याच सुमाराचा, सात कामकाजी दिवसांपेक्षा जास्त नस्ती अडवायची नाही असं सांगणारा. त्याची अंमलबजावणी किती झाली ते विचारू नका, पण टिपणीखाली तारीख घालायची सवय त्याने लागली. तोवर साहेब लोक नुसती सही करत.

अभिलेखांचंही तसंच. 2005 च्या राज्याच्या अभिलेख कायद्यात कागद बेकायदा नष्ट केला तर पाच वर्षांपर्यंत कैद आहे. त्याच्या आधी आमच्या अभिलेख कक्षात ‘अ’ गठ्ठ्यातला कायम जतनाचा कागद ‘ड’ गठ्ठ्यात, म्हणजे वर्षभरात रद्दीत जाणाऱ्यांत, चुकून बांधला जाई. कधी चुकून, कधी नाही. ‘नस्ती आढळून येत नाही’ हे उत्तर त्या कायद्यानंतरही थांबलं नाही. फक्त आता आयोग विचारतो, मग गुन्हा दाखल केला का?

अलीकडचे बदल उलट्या दिशेचे आहेत असं माझं मत. 2012 मध्ये अकोल्याच्या भविष्य निर्वाह निधी कार्यालयातल्या एका अधिकाऱ्याच्या सेवेच्या कागदांवरून सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की नोटिसा, शिक्षेचे आदेश, मालमत्तेचा तपशील ही वैयक्तिक माहिती. तरी कायद्यात तपासणी शिल्लक होती: सार्वजनिक कामाशी संबंध आहे का, आणि विधिमंडळाला नाकारता येत नसेल तर नागरिकालाही नाकारता येणार नाही. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने कलम 8 मधलं हे सगळं काढलं आणि ‘वैयक्तिक माहिती’ एवढंच ठेवलं. लोकहित मोठं असेल तर देता येतं हे कलम शिल्लक आहे, पण ते ठरवणार तोच अधिकारी, ज्याला नाकारणं सोपं. 2019 मध्ये आयुक्तांची मुदत आणि पगार ठरवण्याचा अधिकार केंद्राने स्वतःकडे घेतला होताच. जनमाहिती अधिकाऱ्याच्या खुर्चीवर मी बसलेलो आहे. नाव, सही, पदनाम नसलेली टिपणी मला अजून भेटायचीय. नाव असलं की ती वैयक्तिक म्हणायची ठरवली तर त्या टँकरच्या टिपणीतलं एक पानही बाबांना देता आलं नसतं.

माझी भाची जिल्हाधिकारी कार्यालयात आहे. आता नस्ती संगणकावर चालते, ई-ऑफिसवर. तिने मला एकदा दाखवलं. टीप लिहून पुढे पाठवली की ती हिरवी होते. मग तारीख, वेळ, नाव सगळं पक्कं, खोडता येत नाही. मला फार आवडलं. मग म्हटलं, हे पिवळं काय? ती म्हणाली, हा मसुदा. वरच्यांना दाखवायचा, त्यांनी बदल सांगितले की करायचे, नको असला तर काढून टाकायचा. काढला तर कुठे राहतो, असं मी विचारलं. ‘‘कुठेच नाही, मामा,’’ ती म्हणाली, आणि पुढची नस्ती उघडली.