किराणा दुकानामागची शाळा: प्रौढांना अक्षरे जोडायला शिकवणारा जॉन्स आयलंडचा प्रयोग

१/ मतदार यादीत नाव नोंदवायचे असेल, तर अधिकाऱ्यासमोर राज्यघटनेतील एखादे कलम वाचून आणि लिहून दाखवावे लागेल. अमेरिकेतील साउथ कॅरोलायना राज्याने १८९५ च्या आपल्या घटनेत ही अट घातली. किमान ३०० डॉलर मूल्याच्या मालमत्तेवर कर भरणाऱ्यास या परीक्षेतून सूट होती. त्यानंतर सुमारे साठ वर्षांनी, याच अटीमुळे एका बेटावरची प्रौढ माणसे थंडीच्या रात्री किराणा दुकानाच्या मागील खोलीत अक्षरे गिरवायला बसू लागली. त्या वर्गाचा हा इतिहास.

२/ अट वरवर निःपक्षपाती होती. तिच्यामागचा इतिहास तसा नव्हता. याच प्रदेशात १७४० च्या कायद्याने गुलामांना लिहिणे शिकवण्यास बंदी केली होती. १८३४ च्या कायद्याने वाचनही त्या बंदीत आणले. १८६५ मध्ये गुलामगिरी संपली, पण कृष्णवर्णीयांच्या शाळा वेगळ्या आणि कायम निधीअभावी दुबळ्या राहिल्या. ज्यांच्या आजी-आजोबांना अक्षरओळख करून देणे गुन्हा होता, त्यांच्या नातवंडांकडे राज्य आता साक्षरतेचा पुरावा मागत होते.

३/ चार्ल्सटन शहराच्या दक्षिणेला जॉन्स आयलंड हे बेट आहे. शेतमजुरी करणारे, शहरात घरकाम वा कारखान्यात काम करणारे कृष्णवर्णीय लोक येथे मोठ्या संख्येने राहत. त्यांची बोली होती ‘गला’, म्हणजे इंग्रजी आणि पश्चिम आफ्रिकेतील भाषांच्या मिश्रणातून गुलामगिरीच्या काळात घडलेली क्रिओल भाषा. म्हणजे कायद्याची इंग्रजी वाचायला शिकताना या लोकांसमोर दोन अडचणी होत्या: लिपी अनोळखी आणि भाषाही घरची नव्हे.

४/ या बेटावरून रोज सकाळी ईसॉ जेन्किन्स यांची बस चार्ल्सटनला जाई. जेन्किन्स स्वतः चौथीपर्यंत शिकलेले. पुढे स्वकष्टाने व्यवसाय उभारलेले. त्यांनी प्रवाशांना राज्यघटनेतील कलमे वाटली आणि प्रवासातच ती समजावून सांगायला, पाठ करून घ्यायला सुरुवात केली. कामावर जाता-येता चालणारा हा वर्ग नागरी हक्क चळवळीच्या इतिहासात पुढे प्रसिद्ध झाला.

५/ याच बसमध्ये अॅलिस वाइन नावाची स्त्री प्रवास करी. तिची स्मरणशक्ती विलक्षण होती. ऐकून ऐकून तिने कलम तोंडपाठ केले. परंतु पाठांतराने तिचे समाधान झाले नाही. आपल्याला खरोखर वाचता यावे, ही इच्छा तिने जेन्किन्स यांच्यापाशी बोलून दाखवली. पाठ केलेले कलम एका दिवसापुरते उपयोगी होते. अधिकाऱ्याने दुसरे कलम पुढे केले असते, तर सारे श्रम वाया जाणार होते. शब्द फोडून वाचता येणारा माणूस मात्र कोणत्याही पानापुढे उभा राहू शकतो. (नागरी हक्क चळवळीत सर्वतोमुखी झालेल्या एका गीताच्या शब्दांचे श्रेय पुढे याच अॅलिस वाइनला दिले गेले.)

६/ प्रौढांसाठी सरकारी वर्ग नव्हतेच असे नाही. पण तेथे कोणी टिकत नसे. हायलँडर फोक स्कूलचे संस्थापक माइल्स हॉर्टन यांनी याची कारणे शोधली. थोराड माणसांना लहान मुलांच्या बाकांवर गुडघे दुमडून बसवले जाई आणि मुले त्यांची चेष्टा करीत. हाती येई ते बालवाडीच्या वळणाचे क्रमिक पुस्तक. दिवसभर राबून, चार मुले वाढवून आलेल्या माणसाला ते अपमानास्पद वाटे. तो दुसऱ्या दिवशी येत नसे आणि नोंद होई ती त्याच्या अनास्थेची.

७/ येथे सेप्टिमा क्लार्क यांचा प्रवेश होतो. त्या काळी चार्ल्सटनच्या सार्वजनिक शाळांत कृष्णवर्णीय शिक्षकांना नोकरी मिळत नसे, म्हणून १९१६ मध्ये, अठराव्या वर्षी, त्या जॉन्स आयलंडवर शिकवायला गेल्या. दोन शिक्षिका आणि १३२ मुले, अशी ती शाळा होती. पाठ्यपुस्तकांची वानवा असल्याने मुलांनी सांगितलेल्या परिसरातील गोष्टी त्या कपडे धुऊन आलेल्या कागदी पिशव्यांवर लिहून भिंतीवर लावत. शिकणाऱ्याच्या तोंडचे शब्द हेच त्याचे पहिले पुस्तक, ही दृष्टी त्यांना तेथे मिळाली. रात्री त्या मोठ्यांनाही शिकवत.

८/ पुढे कोलंबिया शहरात असताना त्यांनी जवळच्या लष्करी छावणीतील निरक्षर कृष्णवर्णीय सैनिकांना शिकवले. पगारपत्रकावर सही करणे, बसवरचे नाव वाचणे, ही त्या सैनिकांची निकड होती. प्रौढ माणूस अक्षराकडे वळतो तो एखाद्या नेमक्या गरजेने, हा अनुभव तेथे पक्का झाला.

९/ १९५६ मध्ये राज्याने सरकारी नोकरांना एनएएसीपी या नागरी हक्क संघटनेचे सदस्य असण्यास मनाई केली. क्लार्क यांनी सदस्यत्व लपवण्यास नकार दिला. सुमारे चाळीस वर्षांच्या सेवेनंतर नोकरी गेली, निवृत्तिवेतनही गेले. टेनेसी राज्यातील मॉन्टईगल येथे असलेल्या हायलँडरने त्यांना कामावर घेतले. जेन्किन्स तेथे १९५४ मध्ये येऊन गेले होते आणि बेटावर प्रौढांची रात्रशाळा हवी, ही मागणी त्यांनी मांडलेली होती.

१०/ जेन्किन्स यांच्या ‘प्रोग्रेसिव्ह क्लब’ने हायलँडरकडून कर्ज घेऊन एक जुनी शाळेची इमारत विकत घेतली. पुढच्या बाजूस सहकारी किराणा दुकान, मागे वर्गाची खोली. दुकानाचा उपयोग दुहेरी होता. लोकांना रास्त भावात सामान मिळे आणि मागे काय चालले आहे, याचा गोऱ्या शेजाऱ्यांना संशय येत नसे.

११/ शिक्षिका म्हणून निवड झाली बर्नीस रॉबिन्सन यांची. त्या क्लार्क यांच्या नातलग. व्यवसायाने केशरचनाकार आणि शिवणकाम करणाऱ्या. आपण कधीच शिकवलेले नाही, असे सांगून त्यांनी प्रथम नकार दिला. क्लार्क आणि हॉर्टन यांना नेमके तेच हवे होते: शिकणाऱ्याला कमी न लेखणारी, त्यांच्यातलीच व्यक्ती. शिवाय त्यांचे गिऱ्हाईक कृष्णवर्णीय होते. गोऱ्या मालकाकडून नोकरी जाण्याची भीती त्यांना नव्हती.

१२/ ७ जानेवारी १९५७ रोजी पहिला वर्ग भरला. शेतीची कामे थंडावलेली असतात, असा हा हंगाम. १४ प्रौढ आले. रॉबिन्सन यांनी प्राथमिक शाळेतील काही साहित्य मागून आणले होते; ते या मंडळींना शोभणारे नाही, हे लक्षात येताच त्यांनी ते बाजूला ठेवले. आपण शिक्षिका नसून सर्वांनी मिळून शिकायचे आहे, असे सांगून त्यांनी विचारले, तुम्हाला काय शिकायचे आहे?

१३/ उत्तरे साधी होती. स्वतःचे नाव लिहिता यावे. बायबल आणि वर्तमानपत्र वाचता यावे. दूरगावी गेलेल्या मुलाचे पत्र दुसऱ्याकडून वाचून घ्यावे लागू नये. टपालाने वस्तू मागवण्याचा अर्ज, मनीऑर्डरचा अर्ज भरता यावा. आणि मतदार नोंदणीच्या कागदावरचे शब्द वाचता यावेत. हीच यादी अभ्यासक्रम ठरली. किराणा मालाच्या जाहिरातींवरून हिशेबही तेथेच शिकवला गेला.

१४/ येथे इंग्रजी लेखनपद्धतीची अडचण मराठी वाचकाने ध्यानात घ्यायला हवी. बाराखडी आणि जोडाक्षरे येऊ लागली, की मराठीतला अनोळखी शब्दही बहुधा वाचता येतो; ऱ्हस्व-दीर्घ चुकले तरी उच्चार निसटत नाही. इंग्रजीत अक्षर आणि ध्वनी यांचे नाते इतके सरळ नाही. ‘कॉन्स्टिट्यूशन’ या शब्दाच्या शेवटी टी-आय-ओ-एन ही चार अक्षरे मिळून ‘शन’ होतात. एकेक अक्षराचे नाव घेऊन तेथे पोचता येत नाही. अख्खा शब्द चित्रासारखा लक्षात ठेवावा, तर शब्द बदलताच वाचन थांबते.

१५/ रॉबिन्सन यांनी मधला मार्ग घेतला. नोंदणीचा अर्ज आणि कायद्यातील उतारे यांतील अवघड शब्द त्या निवडत. प्रत्येक शब्द अवयवांत फोडायचा, तुकडा-तुकडा उच्चारायचा, मग जोडून म्हणायचा. त्याचा अर्थ समजून घ्यायचा. शेवटी अक्षरांचा क्रम तोंडाने सांगत लिहायचा. एका शब्दात शिकलेला ‘शन’ पुढच्या दहा शब्दांत भेटतो, हा या पद्धतीचा लाभ. अर्थाची चर्चा करता करता नागरिकत्वाचे शिक्षण आपोआप होई. ‘नोंदणी’ हा शब्द फोडणारा माणूस आपले नाव यादीत का नाही, हेही विचारू लागे.

१६/ सहीसाठी वेगळी युक्ती होती. शिकणाऱ्याचे नाव पुठ्ठ्यावर वळणदार अक्षरांत लिहून दिले जाई. त्यावरून पेन्सिल पुन्हा पुन्हा फिरवायची. इतकी, की डोळ्यांआधी हाताला ते वळण पाठ व्हावे. नांगराचा दांडा वा कुदळ धरण्याची सवय असलेल्या बोटांना पेन्सिल हलकी धरणे हेसुद्धा शिकावे लागे. स्पर्श, उच्चार आणि दृष्टी यांची अशी सांगड वाचनात मागे पडलेल्यांसाठी उपयोगी असते, हे अमेरिकेतील काही तज्ज्ञ १९२० च्या दशकापासून मांडत होते. क्लार्क मात्र येथवर पोचल्या त्या आपल्या वर्गातील अनुभवातून.

१७/ वर्गातील एका ६५ वर्षांच्या स्त्रीची हकीकत रॉबिन्सन यांनी नोंदवली आहे. फळ्यावर सर्वांची नावे लिहिलेली होती. तिला आपले नाव ओळखता येते का, असे विचारले. तिने यादीतील आपले नाव दाखवले, एकेक अक्षर उच्चारून ते सांगितले, मग खाली लिहिलेले आडनावही तसेच अक्षरांसह वाचले. आयुष्यभर फुलीचे चिन्ह करणारी स्त्री आपल्या नावाची अक्षरे क्रमाने सांगत होती. रॉबिन्सन यांच्या अंगावर काटा आला.

१८/ वर्गाच्या भिंतीवर त्यांनी संयुक्त राष्ट्रसंघाचा मानवी हक्कांचा जाहीरनामा लावला होता. सत्र संपेपर्यंत सर्वांना तो वाचता आणि समजता आला पाहिजे, हे त्यांचे उद्दिष्ट होते. नवशिक्यांपुढे १९४८ चा तो कायदेशीर भाषेतील दस्तऐवज ठेवणे धाडसाचे वाटेल. पण शिकणारे प्रौढ होते. सोपा हवा होता तो मार्ग, मजकूर बालिश असण्याची गरज नव्हती.

१९/ वर्गातील विद्यार्थी नोंदणी कार्यालयात गेले आणि मतदार होऊन परतले. लवकरच वॉडमालॉ आणि एडिस्टो या शेजारच्या बेटांनी अशा शाळा मागितल्या. जुलै १९५९ मध्ये टेनेसीच्या पोलिसांनी हायलँडरवर छापा घातला, क्लार्क यांना अटक झाली. संस्था बंद होण्याच्या मार्गावर असताना, १९६१ मध्ये हा उपक्रम मार्टिन ल्यूथर किंग यांच्या सदर्न ख्रिश्चन लीडरशिप कॉन्फरन्सकडे सोपवला गेला. जॉर्जियातील डॉर्चेस्टर येथे क्लार्क, डोरोथी कॉटन आणि अँड्र्यू यंग नवे शिक्षक घडवू लागले. मोठ्याने नीट वाचता येणे आणि फळ्यावर स्वच्छ लिहिता येणे, एवढीच शिक्षकाची पात्रता होती. शेतकरी, मोलकरणी, केशरचनाकार तेथून आपापल्या गावी जाऊन शाळा काढत.

२०/ या यशाची एक कडू बाजूही आहे. वाचता आल्याने सर्व दारे उघडत नव्हती. मिसिसिपीच्या कायद्यानुसार कलमाचा अर्थ अधिकाऱ्याचे समाधान होईल असा सांगावा लागे. ऑगस्ट १९६२ मध्ये फॅनी लू हेमर नोंदणीसाठी गेल्या. त्यांना वाचता येत होते. त्यांच्यापुढे ठेवले गेले ते ‘डी फॅक्टो’ कायद्यांविषयीचे कलम. त्या नापास झाल्या आणि ज्या मळ्यावर अठरा वर्षे राबल्या, तेथून त्यांना त्याच दिवशी हाकलण्यात आले. जून १९६३ मध्ये नागरिकत्व शाळेच्या प्रशिक्षणाहून परतताना विनोना येथे अटक करून त्यांना तुरुंगात अमानुष मारहाण झाली.

२१/ परीक्षेचा हेतू साक्षरता तपासणे हा नव्हताच, हे अशा प्रसंगांनी उघड केले. ६ ऑगस्ट १९६५ च्या मतदान हक्क कायद्याने दक्षिणेतील बहुतांश भागात या परीक्षा स्थगित झाल्या. १९७० मध्ये ती बंदी देशभर लागू झाली.

२२/ हाच प्रश्न मुंबई इलाख्यात त्याच्या कितीतरी आधी विचारला गेला होता. मे १९२९ मध्ये सायमन कमिशनला सादर केलेल्या स्वतंत्र अहवालात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी प्रौढ मताधिकाराची मागणी करताना साक्षरतेच्या अटीचा समाचार घेतला. निरक्षर माणूस बुद्धिहीन असतोच, हे गृहीतक चूक; आणि साक्षर माणूस त्याच्याहून जाणता असतोच, हेही चूक, असे त्यांनी दाखवले. स्वतंत्र भारताने १९५१-५२ ची पहिली सार्वत्रिक निवडणूक अशा कोणत्याही परीक्षेविना घेतली. तेव्हा देशातील साक्षरता सुमारे १८ टक्के होती. मतपेट्यांवर पक्षांची चिन्हे होती.

२३/ मग जॉन्स आयलंडच्या शाळेचे मोल कशात? मत देण्याचा हक्क अक्षरांवर अवलंबून असू नये, हे खरे. तरीही अॅलिस वाइनला कलम पाठ असूनही वाचायला शिकायचे होते. पत्र, अर्ज, पावती, वर्तमानपत्र यांच्यासाठी आयुष्यभर दुसऱ्याचे तोंड पाहावे लागू नये, ही तिची आणि तिच्या सोबत्यांची स्वतंत्र मागणी होती. कायदा बदलून ती पूर्ण होणार नव्हती. त्यासाठी कोणीतरी शेजारी बसून शब्द फोडून दाखवावा लागणार होता.

२४/ आजही आठवी-नववीत पोचलेली आणि वाचताना अडखळणारी मुले आहेत, अंगठा सोडून सही शिकू पाहणारे आजी-आजोबा आहेत. त्यांच्यासमोर पहिलीचे पुस्तक ठेवण्याआधी रॉबिन्सन यांचा पहिल्या रात्रीचा प्रश्न आठवावा: तुम्हाला काय शिकायचे आहे? उत्तरात येणारे शब्द अवघड असतील. तेच घ्यावेत, तुकडे करावेत, आणि लाज न वाटू देता, हवे तितक्या वेळा जोडून पाहावेत.

(समाप्त)