वडोदऱ्याचा रुपया आणि जमनाबाई

शहराच्या वर्धापनदिनी नाणं काढायची रीत जगभर आहे. आपल्या वडोदऱ्याचं काढायचं तर साल कुठलं धरणार? इ.स. ८१२ च्या ताम्रपटात ‘वडपद्रक’ गाव दान दिल्याची नोंद आहे, म्हणजे गाव त्याआधीच नांदतं होतं!

गायकवाडांची स्वतःची नाणी मात्र होती. तिसऱ्या सयाजीरावांचा संवत १९५१ चा चांदीचा रुपया बघा. एका बाजूला पगडीतले महाराज, दुसरीकडे तलवार आणि नागरी अक्षरं. तांब्याच्या नाण्यावर तर चक्क ‘दोन पैसे’. बाजार गुजराती, नाणं मराठी.

पण हा चेहरा नाण्यावर आला कसा? खंडेराव महाराज १८७० मध्ये गेले. पुढे मल्हाररावांना इंग्रजांनी गादीवरून काढलं. तेव्हा खंडेरावांच्या विधवा जमनाबाईंनी २७ मे १८७५ ला नाशिककडच्या कवळाण्याचा बारा वर्षांचा गोपाळ दत्तक घेतला. तेच सयाजीराव. दत्तक घेणारीचं नाव कुठल्या पैशावर नाही. नाण्यावर गादीचा मालक असतो, गादी राखणारी नसते, असं मला दिसतं.

पुढे संस्थानचा रुपया बंद होऊन इंग्रजांचा चालू झाला. मांडवीकडे जमनाबाईंच्या नावाचं हॉस्पिटल आहे, तिथे बायाबापड्यांची रांग असते.