खोली क्रमांक १०२४ : जाळे मोडून शिकणाऱ्यांची परीक्षा

गिरगावातील खोताच्या वाडीत प्रथमच येणारा पाहुणा पत्त्यापाशी हमखास अडखळतो. आकडा एकच, ४७. पुढे कुठे ‘ए’, कुठे ‘जी’. अठराव्या शतकात दादोबा वामन खोत यांच्या जमिनीवर वसलेली ही वाडी. कधीकाळी येथे ६५ घरे होती, आता तिशीच्या आत उरली आहेत. पत्त्याची ही पद्धत मात्र शहाणपणाची आहे. बाहेरच्याने ४७ गाठावे. अक्षराची चौकशी वाडीत शिरल्यावर करावी.

संगणकांच्या जाळ्यात याच युक्तीला सबनेटिंग म्हणतात. भारताला तिची गरज कधी पडली? १९८६ साली सुरू झालेल्या ‘अर्नेट’ प्रकल्पात आपल्या निवडक शिक्षणसंस्था जोडल्या जात होत्या. मुंबईत जुहूची एनसीएसटी आणि पवईची आयआयटी या त्यांतल्या दोन. १९९० मध्ये अर्नेटला १४४.१६ने सुरू होणारा पत्त्यांचा गट मिळाला. एकूण पत्ते ६५,५३६. जगाने १४४.१६ गाठावे, त्यातला तुकडा कोणत्या संस्थेचा, हे आत शिरल्यावर पाहावे. वाडीचा ४७ आणि देशाचा १४४.१६ एकाच जातीचे!

हे ज्ञान तेव्हा मोजक्या संस्थांच्या भिंतींआड होते. सामान्य नागरिकाला इंटरनेट मिळाले ते १५ ऑगस्ट १९९५ला, विदेश संचार निगमामार्फत. निगमाचे विदेश संचार भवन फोर्टमध्ये, म्हणजे गिरगावापासून हाकेच्या अंतरावर म्हणावे असे. पण जोडणी मिळणे वेगळे आणि ती जोडणी चालवणारा तज्ज्ञ होणे वेगळे. तज्ज्ञ ठरवायचा कोणी आणि कसा?

याचे एक उत्तर १९९३ साली कॅलिफोर्नियात तयार झाले. राउटर बनवणाऱ्या सिस्को कंपनीने ‘सीसीआयई’ ही परीक्षा सुरू केली. उत्तीर्णांना क्रमांक द्यायचे होते. पहिला क्रमांक, १०२४, कुणा माणसाला न देता परीक्षेच्या खोलीलाच देण्यात आला. (दोनाचा दहावा घात तो. संगणकवाल्यांना एकापासून मोजायला आवडत नाही.) १०२५ हा परीक्षेची आखणी करणाऱ्या स्टुअर्ट बिग्ज यांचा, आणि १०२६ टेरी स्लॅटरी यांचा, कंपनीबाहेरून उत्तीर्ण झालेले ते पहिले.

लेखी परीक्षा ही केवळ प्रवेशद्वार होती. खरी कसोटी दोन दिवसांच्या प्रात्यक्षिकाची. आधी उमेदवाराने राउटर आणि स्विच जोडून पूर्ण जाळे उभे करायचे. मग त्याला बाहेर पाठवून परीक्षक त्याच जाळ्यात मुद्दाम बिघाड करून ठेवत. परत आल्यावर घड्याळ चालू, आणि स्वतःच बांधलेले घर अनोळखी झालेले.

बिघाड कसले असत, ते वाडीच्या भाषेत सांगतो. राउटरना वाट कळते ती दोन प्रकारे. ‘रिप’सारख्या जुन्या पद्धतीत ती शेजाऱ्याच्या सांगण्यावर कळते, म्हणजे ऐकीव. ‘ओएसपीएफ’ पद्धतीत प्रत्येकाकडे आपल्या भागाचा नकाशा असतो. दोन्ही जाळी दोन ठिकाणी जोडली, की गंमत सुरू होते. एका फाटकातून बाहेर गेलेली बातमी दुसऱ्या फाटकातून नवी बातमी म्हणून आत येते. तिच्यावर विश्वास ठेवला, तर पाकीट दोन राउटरांमध्ये चकरा मारत राहते आणि शेवटी आयुर्मर्यादा संपून नष्ट होते. उपाय एका ओळीचा: बाहेर जाणाऱ्या बातमीवर खूण करा, खूण दिसली तर आत घेऊ नका. पण ही ओळ नेमक्या कोणत्या राउटरवर लिहायची, हे पुस्तक वाचून हाताला येत नाही.

म्हणूनच तयारीसाठी प्रत्यक्ष यंत्रे लागत. सात-आठ राउटर, दोन-तीन स्विच, तारांची भेंडोळी. लॅमिंग्टन रोड खोताच्या वाडीतून पायी पंधरा-वीस मिनिटांवर, आणि तेथे रेडिओच्या सुट्या भागांपासून संगणकापर्यंत सगळे मिळते. तरी प्रश्न सुटत नाही. चाळीतल्या दहा-बाय-बाराच्या खोलीत आठ पंख्यांची घरघर, उष्णता आणि विजेचे बिल घेऊन कोण नांदणार? एखाद्या कंपनीत नोकरी असेल, तर रात्रपाळीत तिथली यंत्रे हाताळायची; नाहीतर दूरच्या प्रयोगशाळेतली यंत्रे तासांच्या भाड्याने, इंटरनेटवरून. भारतात बंगळुरूला केंद्र झाल्यावर परदेशवारी टळली, तरी अपयशाची किंमत कमी झाली नाही. अलीकडे बरीच वर्षे प्रात्यक्षिकाचे शुल्क १,६०० डॉलर होते, आणि नापास झाल्यास पुन्हा तेवढेच. गुणवत्तेची परीक्षा होतीच, ऐपतीचीही होती.

ऑक्टोबर २००१ मध्ये दोन दिवसांचे प्रात्यक्षिक आठ तासांवर आले आणि बिघाड शोधण्याचा स्वतंत्र भाग गेला. उमेदवार वाढले होते, जागा अपुऱ्या होत्या. कारण समजण्यासारखे आहे. माझ्या मते तरीही ती चूक होती. जे फक्त बांधायचे असते ते पाठ करता येते. फुटलेल्या प्रश्नपत्रिका घोकून येणारे उमेदवार ही या परीक्षेची जुनी डोकेदुखी, आणि घोकंपट्टीचा धंदा काय असतो हे आपल्याकडच्या वाचकाला समजावून सांगायला नको. २००९ साली बिघाड शोधण्याचा दोन तासांचा भाग परत आणावा लागला.

ऐपतीची भिंत मात्र कंपनीने पाडली नाही. ती फ्रान्समधील क्रिस्तोफ फियो यांनी २००५ साली पाडली. त्यांच्या ‘डायनॅमिप्स’ या आज्ञावलीने राउटरच्या प्रोसेसरचे सोंग साध्या संगणकावर वठवले. त्यावर राउटरची खरी प्रणाली चालू लागली. (ती प्रणाली कायदेशीर मार्गाने मिळवणे हा वेगळा तिढा.) प्रारंभी एकच आभासी राउटर सगळा संगणक खाऊन टाकी, कारण रिकामा बसलेला राउटरही आतल्या आत गोल फिरत राहतो. ते रिकामे फिरणे ओळखून थांबवण्याची खुबी सापडली आणि एका संगणकात आठ-दहा राउटर नांदू लागले. पुढे ‘जीएनएस३’ने त्यांना चित्ररूप दिले. पंख्यांची घरघर गेली. रात्री दोन वाजता, घरचे झोपलेले असताना, अख्खे जाळे मोडून पुन्हा उभारता येऊ लागले.

२०१४ मध्ये राउटिंग-स्विचिंग शाखेच्या परीक्षेतली यंत्रेही आभासी झाली. मुंबईचा उमेदवार मात्र अजूनही सीएसएमटीहून उद्यान एक्सप्रेस धरू शकतो. बंगळुरू सुमारे चोवीस तासांवर. तिथे त्याच्यापुढे एक पडदा, एक कळफलक आणि आठ तास. उत्तीर्ण झाल्यास त्याला पाच आकडी क्रमांक मिळतो. १०२४ आजही त्या खोलीचाच आहे.