नातीचं पिस्तूल

एक दिवस लातूरहून मुलाचा फोन आला. पाऊसपाणी, माझं ब्लडप्रेशर वगैरे बोलून झाल्यावर म्हणाला, "दादा, पोरीला पिस्तूल घ्यावं म्हणतोय."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. नात अकरावीला आहे. लातूर म्हणजे शिकवण्यांचं गाव. पण ही शिकवणी संपली की एका हॉलमध्ये नेमबाजी शिकायला जाते, एवढं माहीत होतं. तरी 'घरात पिस्तूल' हे शब्द काही घशाखाली उतरेनात. मी फोन ठेवला आणि दोन दिवस कुणाशी नीट बोललो नाही.

त्याचं कारण जुनं आहे. आमचं गाव उमरीपासून दोन कोसांवर. ३० जानेवारी १९४८ ला उमरीची बँक क्रांतिकारकांनी लुटली आणि सुमारे २० लाख रुपये मुक्तिसंग्रामाच्या कामी आले. वर्गात हा धडा मी जीव ओतून शिकवायचो. पण त्याच दिवशी संध्याकाळी दिल्लीत गांधीजींवर बेरेटा पिस्तुलातून तीन गोळ्या झाडल्या गेल्या. आमचे अण्णा म्हणायचे, "एकाच दिवशी बंदुकीनं आपल्याला हसवलं आन् रडवलं. तिचा काय भरोसा धरायचा?"

अण्णांनी रझाकारांचा काळ पाहिलेला. रझाकारांचा पुढारी कासीम रझवी हा लातूरला वकिली करायचा, हे आजच्या लातूरकर मुलांना सांगितलं तर खरं वाटत नाही. गावात तेव्हा हत्यार म्हणजे काठ्या, विळे आणि थोरल्या काकांची एक ठासणीची बंदूक. १३ सप्टेंबर १९४८ ला फौजा आल्या, १७ ला निजाम शरण आला. आम्ही शिक्षक मंडळी धडा तिथंच संपवायचो. अण्णा मात्र पुढचंही सांगायचे. हत्यारांनी हात बदलले, आणि ज्यांचा रझाकारांशी काही संबंध नव्हता अशी मुसलमान माणसंही मारली गेली. भारत सरकारनं पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीनं सर्वांत जास्त झळ बसलेले जे चार जिल्हे नोंदवले, त्यात नांदेड आहे आणि उस्मानाबादही आहे. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातच होतं. थोरल्या काकांची बंदूक अण्णांनी स्वतः ठाण्यात नेऊन दिली. त्यानंतर आमच्या घरात सणाला फटाकेसुद्धा बेतानंच आले.

तर असं हे घर, आणि आता नात म्हणते पिस्तूल!

शेवटी मी लातूरला गेलो. म्हटलं, न बघता नाही म्हणणं शिक्षकाला शोभत नाही. तिच्या सरांनी मला शाळकरी पोरासारखं समोर बसवून समजावलं. आपल्याकडे १८७८ मध्ये इंग्रजांनी शस्त्र कायदा आणला, तो सत्तावन्नच्या धास्तीनं. स्वातंत्र्यानंतर १९५९ चा कायदा झाला आणि तो १९६२ पासून लागू झाला. बारुदाचं हत्यार घ्यायचं तर परवाना हवा, त्यासाठी वय २१ पूर्ण हवं, पोलिस चौकशी हवी. कानपूरच्या सरकारी कारखान्यातलं साधं .३२ बोअरचं रिव्हॉल्व्हर घेतलं तरी किंमत लाखाच्या घरात. पण हे पिस्तूल हवेचं. ४.५ मिलिमीटरची नळी आणि २० ज्यूलच्या आतली ताकद असेल तर शस्त्र परवाना लागत नाही. आत बारूद नाही, दाबलेल्या हवेनं शिशाचा छर्रा सुटतो. १० मीटरवर कागद असतो, आणि त्यावरचा दहा गुणांचा गोल साडेअकरा मिलिमीटरचा, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढा.

मग आला पैशाचा प्रश्न. देशी, स्प्रिंगचं पिस्तूल काही हजारांत मिळतं. पण दर वेळी जोर लावून ताणावं लागतं आणि सुटताना हाताला हिसका बसतो. दाबलेल्या हवेची टाकी असलेलं परदेशी पिस्तूल शांत असतं, पण ते नवं घ्यायचं तर दीड लाखाच्या पुढे. सर म्हणाले, "काका, पहिले सहा महिने इथलंच वापरू द्या. मूठ हातात बसते का, घोडा किती दाबला की सुटतो, हे तिला कळू द्या. मग जुनं बघू." घोड्याचं वजन स्पर्धेत निदान ५०० ग्रॅम लागतं आणि सगळं पिस्तूल दीड किलोच्या आत. इलेक्ट्रॉनिक घोड्याच्या नादी लागू नका, असंही ते म्हणाले. टोकियोला २०२१ मध्ये मनू भाकरचं पिस्तूल ऐन फेरीत बिघडलं होतं. तिच्याजवळ दुरुस्त करणारे तरी होते, लातुरात कोण आहे?

सहा महिने तिनं तिथलंच वापरलं. त्यानंतर एकानं जुनं पिस्तूल साठ हजारांत देऊ केलं. चकचकीत होतं, मी तर पैसे काढायला निघालो होतो. सरांनी टाकीवरची तारीख वाचली आणि मान हलवली. दहा वर्षं उलटली की ती टाकी स्पर्धेत चालत नाही, आणि तेवढ्या दाबाची जुनी टाकी वापरूही नये. नवी टाकी घेतली असती तर स्वस्ताई तिथंच संपली असती. पुढे दोन महिन्यांनी दुसरं मिळालं, साध्या घोड्याचं, टाकीची मुदत शिल्लक असलेलं. पेन्शनच्या फरकातून पैसे दिले.

हॉलमध्ये बघत बसलो होतो. पोरगी पिस्तूल पेटीतून काढते, आधी रिकामं आहे हे सरांना दाखवते, नळीतून रंगीत दोरी आरपार घालते. तोंड सतत कागदाकडेच. रिकामं असलं तरी भरलेलंच समजायचं, हा पहिला नियम. शेजारच्या जागेवर गंजगोलाईकडच्या एका दुकानदाराचा मुलगा उभा होता, नमाज आटोपून आलेला. दोघं एकमेकांचे गुण विचारत होती. भिंतीवर राही सरनोबतचा फोटो होता. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं सुवर्ण जिंकणारी ती पहिली भारतीय महिला, आपल्या कोल्हापूरची.

नात म्हणाली, "दादाजी, तुम्ही मारा एक." मी नको म्हणत होतो, पण धरलं. एका हातात ते किलोभर वजन भलतंच थरथरलं. छर्रा कागदालाही लागला नाही, मागच्या पेटीत गेला. पोरं हसली.

अण्णांचं म्हणणं मला आजही चूक वाटत नाही. बंदुकीचा भरोसा नाहीच. पण त्या हॉलमध्येही कुणी तिच्यावर भरोसा ठेवत नव्हतं. म्हणून तर ती दोरी, ती तपासणी, ते नियम. हे त्यांना सांगायला हवं होतं. असो.

पुढच्या महिन्यात तिची जिल्हा स्पर्धा आहे. आत्या-मावश्यांनी फोन करून तिला घाबरवू नये, एवढीच विनंती!