लोकनायकाची समाधी आणि फॅरोंचा वारसा

पारतंत्र्यातून मोकळे होऊ पाहणाऱ्या राष्ट्राला प्रथम आपल्या पूर्वजांची आठवण होते. परंतु ज्या देशाच्या पाठीशी पाच हजार वर्षांचा इतिहास उभा आहे, त्याने नेमके कोणते पूर्वज आठवावेत? इजिप्तच्या राजधानीत, कैरोत, हा प्रश्न दगडात कोरलेला दिसतो.

या शहरात प्राचीन इजिप्तचा पहिला मोठा सत्कार झाला तो परकीयांच्या हातून. तहरीर चौकातील वस्तुसंग्रहालय १९०२ साली उघडले. त्याचा आराखडा एका फ्रेंच वास्तुशिल्पज्ञाचा, घडण ग्रीक-रोमन वळणाची आणि दर्शनी भागावरील लेख लॅटिन भाषेत. ठेवा इजिप्तचा, पण वेष आणि वाणी युरोपची!

ही विसंगती सुशिक्षित इजिप्शियनांस जाणवू लागली ती १९१९ च्या उठावानंतर. साद झगलूल यांच्या नेतृत्वाखालील त्या उठावात चंद्रकोर आणि क्रूस ही दोन्ही चिन्हे एकाच निशाणावर झळकली. १९२२ च्या फेब्रुवारीत ब्रिटनने, अनेक अटी राखून, इजिप्तचे स्वातंत्र्य मान्य केले आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात तुतनखामेनची कबर सापडली. नव्या राष्ट्राला जणू कुलवृत्तांतच हाती आला. मूर्तिकार महमूद मुख्तार यांनी गुलाबी ग्रॅनाइटमध्ये घडविलेले ‘इजिप्तचे पुनरुत्थान’ हे शिल्प १९२८ साली रेल्वे स्थानकासमोर उभे राहिले. पुढचे पाय टेकून उठू पाहणारा स्फिंक्स आणि शेजारी मुखावरील पदर दूर सारणारी शेतकरी स्त्री, अशी त्याची कल्पना आहे.

साद झगलूल १९२७ च्या ऑगस्टमध्ये निवर्तले. त्यांच्या समाधीसाठी मुस्तफा फहमी यांनी जी वास्तू योजिली ती मशिदीसारखी नव्हे, तर प्राचीन देवळासारखी. पायथ्याशी रुंद आणि माथ्याकडे निमुळत्या होत जाणाऱ्या भिंती, वर बाहेर वळलेली कंगणी, प्रवेशद्वारावर पंख पसरलेले सूर्यबिंब. या निवडीत मोठा मुत्सद्दीपणा होता असे आम्ही समजतो. मशिदीचा घुमट एका धर्माचा झाला असता. फॅरो मात्र मुसलमानांचे तितकेच आणि कॉप्ट ख्रिस्त्यांचेही तितकेच.

पण शैलीने सोडविलेला प्रश्न सत्तेने पुन्हा गुंतविला. १९३० साली अधिकारावर आलेल्या सिद्की सरकारला झगलूल यांच्या वफ्द पक्षाचे वावडे होते. समाधी एकट्या झगलूल यांची न ठेवता ती थोरांचे सामायिक दफनस्थान करावी, असा घाट घातला गेला. त्यांच्या पत्नी साफिया यांनी त्यास ठाम नकार दिला. तेव्हा सरकारने वस्तुसंग्रहालयातील राजांच्या ममी आणून त्या वास्तूत ठेविल्या! देवळाच्या घाटाची वास्तू, आत खरेखुरे फॅरो; वरवर पाहता याहून उचित ते काय? तथापि जिच्यासाठी ती बांधली तो लोकनायकच बाहेर राहिला. १९३६ साली वफ्द पुन्हा अधिकारावर आला, ममी परत गेल्या आणि साद झगलूल आपल्या समाधीत विसावले.

आम्हां बदलीच्या नोकरदारांस कैरोच्या या राजांविषयी थोडा बंधुभाव वाटल्यास नवल नाही. मुख्तार यांचे शिल्प १९५५ मध्ये विद्यापीठासमोर गेले. त्याच्या जागी आलेला दुसरा रामसेस २००६ मध्ये गीझाकडे रवाना झाला. बावीस राजाराण्यांच्या ममी २०२१ च्या एप्रिलमध्ये मिरवणुकीने नव्या संग्रहालयात पोचल्या. प्रत्येक राजवटीने आपल्या सोयीने पूर्वजांना हुकूम काढले.

आमच्या दिल्लीतही १९२९ साली पुरे झालेल्या प्रासादावर सांचीच्या स्तूपाची छाया आहे. पण ती तेथे आणली परक्या राज्यकर्त्यांनी, आणि स्वतंत्र भारताने तो प्रासाद राष्ट्रपतीचे निवासस्थान करून आपलासा केला. कैरोत घाट स्वकीयांचा होता, तरीही त्याचा अर्थ लोकांना सहा वर्षे झगडून मिळवावा लागला. वास्तूचा घाट पूर्वजांकडून उसना घेता येतो. तिच्यात कोणाला जागा द्यावयाची, हे मात्र प्रत्येक पिढीला स्वतःच ठरवावे लागते.